फी भरायची की कार्ड बंद करायचं? रिन्यूअलआधीचा हिशेब

क्रेडिट कार्डाची वार्षिक फी स्टेटमेंटमध्ये गुपचूप येऊन बसते. नेहमीच्या वीस-पंचवीस खरेद्यांच्या मध्ये ‘ॲन्युअल फी’ किंवा ‘मेंबरशिप फी’ अशी एक ओळ, आणि तिच्या खाली जीएसटीची दुसरी. कार्ड घेताना २,५०० रुपये ऐकलेले असतात, खिशातून जातात २,९५०, कारण फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५,०००चे ५,९०० होतात आणि १०,०००चे ११,८००. पुढचा सगळा हिशेब या जीएसटीसकटच्या आकड्यावर करायचा. बँकेच्या पानावरचा आकडा धरला तर सुरुवातच चुकते.

फी दिसली की बहुतेक जण ॲप उघडून जमलेले पॉइंट बघतात. “अठरा हजार पॉइंट आहेत की, फी निघाली!” असं म्हणून विषय संपतो. पण ते अठरा हजार पॉइंट गेल्या वर्षीच्या खर्चाचे आहेत. फी भरली काय, न भरली काय, कार्ड बंद करायच्या आधी वापरून टाकले की ते तुमचेच. आता मागितली जाणारी फी पुढच्या बारा महिन्यांची आहे. शिवाय तोच खर्च एखाद्या लाइफटाइम फ्री कार्डावर केला असता, तरी त्यातले थोडे पैसे परत आलेच असते. त्यामुळे विचारायचा प्रश्न एकच: पुढच्या वर्षात हे कार्ड माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या बिनफीच्या कार्डापेक्षा किती जास्त देणार? फी त्या ‘जास्त’मधून वसूल व्हायला हवी.

त्याआधी एक अट. दर महिन्याला पूर्ण बिल भरत नसाल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. महिना ३.७५ टक्के व्याज धरलं तर ५०,००० रुपयांच्या थकबाकीवर एका महिन्याचं व्याज १,८७५ होतं, त्यावर जीएसटी ३३७.५०. म्हणजे २,२१२ रुपये ५० पैसे, दरमहा. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या व्याजावरची ३० टक्क्यांची जुनी मर्यादाही रद्द केली, तेव्हा वरून कुणी दर रोखून धरेल ही आशा नाही. कुठलंच रिवॉर्ड कार्ड इतकं परत देत नाही.

एका पॉइंटचे पैसे किती

पॉइंट हे चलन नाही. एकाच पॉइंटची किंमत तो कुठे वापरता त्यावर ठरते. समजा, कार्ड दर १५० रुपयांना ४ पॉइंट देतं. बँकेच्या ट्रॅव्हल पोर्टलवर विमानाचं तिकीट काढताना पॉइंटला ५० पैसे मिळतात. म्हणजे १५० रुपयांवर २ रुपये, १.३३ टक्के. तेच पॉइंट स्टेटमेंट क्रेडिट म्हणून, म्हणजे कार्डाच्या खात्यात रुपयांत जमा करून, घेतले आणि दर २० पैसे असला, तर १५० रुपयांवर ८० पैसे, ०.५३ टक्के. कार्ड तेच आणि खर्चही तोच, परतावा मात्र निम्म्याहून कमी. वर्षातून एकदाही विमानात न बसणाऱ्याने पहिला दर धरून फीचं समर्थन करू नये.

आता ‘दर १५० रुपयांना’ याचा अर्थ बघा. बऱ्याच कार्डांवर हा हिशेब प्रत्येक व्यवहाराला वेगळा होतो आणि उरलेले पैसे सोडून दिले जातात. १४९ रुपयांच्या खरेदीवर शून्य. २९० रुपयांवर एकच टप्पा, म्हणजे वरच्याच उदाहरणात २ रुपये, आणि परतावा १.३३ वरून ०.६९ टक्क्यांवर. मोठ्या बिलांना याने फरक पडत नाही. पण ज्याचे बहुतेक व्यवहार शंभर-दोनशेचे आहेत त्याचा खरा दर जाहिरातीतल्या दराच्या बराच खाली असतो. रुपे कार्ड यूपीआयला जोडून छोटी-छोटी पेमेंट करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. काही कार्डांवर यूपीआयचा दर मुळातच वेगळा आणि कमी ठेवलेला असतो.

पॉइंट वापरतानाही चाळण लागते. पुष्कळ बँका प्रत्येक रिडेम्प्शनला ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. वर्षातून चार वेळा थोडे-थोडे पॉइंट वापरले तर साडेचारशेच्या वर रुपये इथेच गेले. एकदाच, मोठ्या संख्येने वापरावेत. पोर्टलवरचं तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर त्याच मिनिटाला किती आहे, हे दुसऱ्या खिडकीत बघावं. पोर्टलवर ४०० रुपये जास्त आणि वर कन्व्हिनियन्स फी असेल, तर ते पॉइंटच्या किमतीतून वजा करायचे. आणि पॉइंटना बहुधा मुदत असते, दोन किंवा तीन वर्षांची. पहिल्या वर्षाचे पॉइंट याच रिन्यूअलच्या आसपास जाणार असतील तर ते आधी बघा, फीचं नंतर.

हिशेब कागदावर

सूत्र सोपं आहे. जीएसटीसकट फी घ्या. त्यातून रिन्यूअलला नक्की मिळणाऱ्या गोष्टींची तुमच्या लेखी असलेली किंमत वजा करा. उरलेल्या रकमेला दोन कार्डांच्या परताव्यातल्या फरकाने भागा. जो आकडा येईल तितका पॉइंट मिळणारा खर्च वर्षभरात झाला तर फी बरोबरीत सुटते.

उदाहरण घेऊ. फी ५,०००, जीएसटीसकट ५,९००. रिन्यूअलला २,५०० रुपयांचं एका ब्रँडचं व्हाउचर. हे व्हाउचर २,५०० रुपयांचं धरायचं नाही. ‘हे मी रोख किती देऊन विकत घेतलं असतं?’ असं स्वतःला विचारायचं. तिथून खरेदी होतेच, पण अधूनमधून, तर २,००० धरा. तिथे कधीच जात नसाल तर शून्य. आपण २,००० धरू. उरले ३,९००. या कार्डाचा परतावा, तुम्ही पॉइंट ज्या प्रकारे खरोखर वापरता त्यानुसार, २.५ टक्के. हाताशी असलेलं फ्री कार्ड १ टक्का देतं. फरक १.५ टक्के. ३,९०० भागिले ०.०१५ म्हणजे २,६०,०००.

महिन्याला ३५,००० रुपये कार्डावर जातात, वर्षाला ४,२०,००० झाले, आपण तर कुठल्या कुठे पुढे, असं वाटतं. आता त्या ३५,०००ची फोड करा. घरभाडं १५,०००. पेट्रोल ४,०००. वॉलेटमध्ये भरलेले २,०००. या तिन्हींवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. उरले १४,०००, वर्षाचे १,६८,०००. त्यावर १.५ टक्के म्हणजे २,५२०. फीचे ३,९०० भरून निघत नाहीत, वर्षाला १,३८० रुपये तोटा. आणि याच माणसाने पॉइंट स्टेटमेंट क्रेडिटमध्ये घेतले आणि त्याचा परतावा पाऊण टक्क्यावर आला, तर फ्री कार्डच पुढे जातं. मग कितीही खर्च केला तरी बरोबरी गाठता येत नाही.

फोड करायला मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, तासभर जातो, पण अंदाजाने होत नाही. घरभाडं, इंधन, वॉलेट, विमा, वीज-पाणी, शाळा-कॉलेजची फी, सरकारी कर आणि ईएमआयमध्ये बदललेल्या खरेद्या वेगळ्या काढा. यातल्या कशावर पॉइंट शून्य, कशावर अर्धे, कशावर महिन्याची मर्यादा, हे कार्डाच्या अटींच्या पीडीएफमध्ये असतं. जाहिरातीच्या पानावर शोधू नका.

इथे एक मेख आहे. तुम्ही काय विकत घेतलंत हे बँकेला दिसत नाही. तिला दिसतो दुकानदाराचा चार आकडी कोड, ज्याला एमसीसी म्हणतात. ५५४१ आणि ५५४२ म्हणजे पेट्रोल पंप, ६५१३ भाडं, ६५४० वॉलेट भरणं, ६३०० विमा, ४९०० वीज-पाणी-गॅस, ८२११ शाळा, ९३११ कर. पंपाच्याच मशीनवर कार्ड घासून पाण्याची बाटली घेतली, तरी ती खात्यात इंधनच. उलट, फी एखाद्या पेमेंट ॲपमधून भरली तर ती शाळेच्या कोडखाली न जाता त्या ॲपच्या कोडखाली जाऊ शकते. एखाद्या मोठ्या खर्चावर पॉइंट आले नाहीत तर आधी कस्टमर केअरला त्या व्यवहाराचा एमसीसी विचारावा. भांडायचं की नाही ते त्यावरून ठरतं.

इंधनावरच्या एक टक्का सरचार्ज माफीला फायद्यात धरू नका. तिला महिन्याची कमाल मर्यादा असते, व्यवहाराची किमान-कमाल रक्कम असते, आणि सरचार्जवरचा जीएसटी परत येत नाही. शिवाय ही माफी फ्री कार्डांवरही असतेच.

फी माफीची रक्कम

वर्षात अमुक इतका खर्च केला की फी माफ, ही अट बऱ्याच कार्डांना असते. तिच्यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे ‘वर्ष’. ते जानेवारी ते डिसेंबर नसतं आणि एप्रिल ते मार्चही नसतं. बहुधा कार्ड मंजूर झालेल्या तारखेपासूनचे बारा महिने असतात. तसं असेल आणि कार्ड ऑगस्टच्या १७ तारखेचं असेल, तर खर्च पुढच्या १६ ऑगस्टपर्यंत मोजला जातो. ॲपमध्ये आकडा दिसत नसेल तर फोन करून दोन गोष्टी विचारा: वर्ष नक्की कुठल्या तारखेला संपतं आणि आजपर्यंत किती खर्च धरला गेला आहे.

दुसरं, काय धरलं जातं. पॉइंटची वगळलेली यादी आणि फी माफीची वगळलेली यादी एक असेलच असं नाही. काही कार्डांवर विम्याला पॉइंट मर्यादित, पण माफीसाठी विमा पूर्ण मोजला जातो. भाडं आणि वॉलेट बहुधा दोन्हीकडे बाद. परत केलेल्या वस्तूंची रक्कम वजा होते. दिवाळीत घेतलेला टीव्ही परत केला असेल तर ते पैसे माफीच्या आकड्यातूनही गेलेले असतात.

तिसरं, शेवटच्या आठवड्याचा घोळ. आज केलेला व्यवहार दुकानदाराच्या बाजूने दोन-तीन दिवसांनी पक्का होतो, आणि बऱ्याचदा तीच तारीख मोजली जाते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी २०,००० रुपयांची खरेदी करून आकडा गाठला असं समजणारे फसतात. निदान आठवडाभर आधी गाठून ठेवा, आणि दोन-चार हजार जास्तच.

आता समजा, २,५०० फीच्या कार्डाला चार लाखांची अट आहे, ३,६०,००० झालेत आणि एक महिना उरलाय. ४०,०००चा खर्च करून २,९५० वाचतात, म्हणजे ७.३७ टक्के. हा खर्च तसाही होणारच असेल, दुसऱ्या कार्डावरून किंवा खात्यातून, तर तो इकडे वळवण्यासारखं सोपं काही नाही. पुढच्या महिन्यात भरायचा विमा आत्ता भरा, घरात लागणारी मोठी वस्तू दोन आठवडे आधी घ्या. पण न लागणारी ४०,०००ची वस्तू २,९५० वाचवायला घेणं हा हिशेब कुणालाही करता येतो, तरी दरवर्षी लोक घेतात.

फी माफ झाली म्हणजे कार्ड फुकट पडलं, असंही नाही. चार लाख रुपये या कार्डावर ओतताना तुम्ही ते दुसरीकडे वापरले नाहीत. दुसरं एखादं कार्ड त्याच खर्चावर अर्धा टक्का जास्त देत असेल, तर २,००० रुपये तिकडे सोडलेत. माफीची खरी किंमत २,९५० नसून ९५० झाली.

लाउंज आणि बाकीची सजावट

लाउंजबद्दल माझं मत कडक आहे. बहुतेक लोक त्याला अवाच्या सवा किंमत देतात. कार्ड नसतं तर विमानतळावर तुम्ही जेवढे रुपये खाण्यापिण्यावर खर्च केले असते, तेवढीच त्याची किंमत. फ्री कार्डावर तिमाहीला एक भेट आधीच मिळत असेल तर फक्त वरच्या भेटी धरायच्या. आता बऱ्याच कार्डांवर मागच्या तिमाहीत ठराविक रक्कम खर्च केली असेल तरच पुढच्या तिमाहीत लाउंज उघडतं. म्हणजे ऑक्टोबरच्या प्रवासाची सोय जुलै ते सप्टेंबरमध्येच करून ठेवावी लागते. वर्षातून दोनदा, तेही बेत आयत्या वेळी ठरवून उडणाऱ्याने लाउंजपुढे शून्य लिहावं.

विमान अपघात विमा, सामान हरवल्याचं संरक्षण, कन्सिअर्ज (बुकिंगसारखी कामं करून देणारी सेवा) या ओळींना मी सहसा काहीच किंमत देत नाही. विमा लागू व्हायला तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असणं, ठराविक दिवसांत कार्ड वापरलेलं असणं अशा अटी असतात. यासाठी म्हणून कुणी फी भरू नये.

परदेशी खर्चाचं मात्र वेगळं आहे. तिथे खरे पैसे वाचतात. साध्या कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, ३.५ टक्के, त्यावर जीएसटी धरून ४.१३. वरच्या दर्जाच्या कार्डावर २ टक्के, जीएसटीसकट २.३६. फरक १.७७ टक्के. वर्षाला परदेशात किंवा परदेशी साइटवर दोन लाख खर्च होत असतील तर ३,५४० रुपये इथेच वाचले, २,९५०ची फी निघून वर उरले. मुलं बाहेर शिकत असतील, सॉफ्टवेअरची वर्गणी डॉलरमध्ये जात असेल, तर बाकी काही न बघता एवढ्यावर कार्ड ठेवता येतं. फक्त परदेशातल्या मशीनवर ‘रुपयांत भरायचं का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि तिथल्याच चलनात भरायचं. रुपयांत भरलं की दर त्या मशीनवाल्याचा लागतो, आणि काही बँका त्यावरही वेगळं शुल्क लावतात.

अटी बदलतात

वर्षभराचा हिशेब आजच्या अटींवर केलेला असतो आणि अटी वर्षाच्या मध्येच बदलू शकतात. ॲक्सिस बँकेचं मॅग्नस हे ठळक उदाहरण. सप्टेंबर २०२३ पासून त्याची फी १०,००० वरून १२,५०० झाली, माफीसाठीचा खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला, महिन्याला एक लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंट बंद झाले, आणि विमान कंपन्यांकडे पॉइंट वळवण्याचं प्रमाण ५ला ४ (५ पॉइंट दिले की कंपनीचे ४) वरून ५ला २ झालं. शेवटच्या बदलाने साठवून ठेवलेल्या पॉइंटचीही किंमत एका रात्रीत निम्मी झाली. हिशेबाच्या काठावर असाल, म्हणजे पाचशे-हजार रुपयांचाच फायदा दिसत असेल, तर तो नाहीच असं धरा. आणि पॉइंट साठवून श्रीमंत होत नाहीत, ते वापरा.

शुल्क वाढवायचं तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे किमान एक महिना आधी कळवावं लागतं आणि वाढ पुढच्या तारखेपासूनच लागू होते. ती नको म्हणून कार्ड परत करायचं असेल तर बाकी चुकती केल्यावर बंद करण्याचं वेगळं शुल्क घेता येत नाही. अशा सूचनांची मेल जाहिरातीच्या ढिगात जाते. बँकेच्या नावाने ‘रिव्हिजन’, ‘चेंज’ हे शब्द मेलमध्ये शोधायची सवय चांगली.

बँकेशी बोलणं

वर्ष संपायच्या साधारण दीड महिना आधी हिशेब करा आणि महिनाभर आधी फोन. तोवर पॉइंट, माफीचा आकडा, सगळं हातात असतं आणि घाईही नसते.

फोनवर “फी माफ कराल का?” एवढंच विचारलं तर पहिलं उत्तर बहुधा ‘सिस्टीममध्ये ऑफर नाही’ असं येतं. “फीमुळे कार्ड बंद करायचा विचार आहे, काही पर्याय आहे का?” असं विचारलं की कॉल दुसऱ्या टीमकडे जाण्याची शक्यता वाढते. तिथे साधारण चार गोष्टींपैकी एखादी पुढे येते. पूर्ण माफी. अर्धी माफी. पुढच्या दोन-तीन महिन्यांत अमुक खर्च केलात तर माफी. किंवा फीइतके पॉइंट. पॉइंटची ऑफर आली तर वरच्या दराने रुपयांत बदलून बघा. ५,००० पॉइंट ऐकायला ५,००० रुपयांसारखे लागतात, पण २० पैशांनी ते १,००० रुपये आहेत. खर्चाच्या अटीवरची ऑफर असेल तर कुठला खर्च धरणार, कुठल्या तारखेपासून, आणि फीबरोबर तिच्यावरचा जीएसटी परत येणार का, हे तिन्ही विचारा. मग सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर घ्या आणि मेलवर लेखी मागा. तोंडी कबूल झालेली माफी दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

आणखी एक रस्ता डाउनग्रेडचा. त्याच बँकेचं बिनफीचं किंवा कमी फीचं कार्ड घ्यायचं. यात लिमिट बहुधा तेच राहतं आणि खात्याचं वयही पुष्कळदा टिकतं, म्हणून जुन्या कार्डाला मी हाच आधी सुचवेन. पॉइंट नव्या कार्डावर येतात की जातात हे मात्र बदलाला हो म्हणायच्या आधी विचारायचं. बँकेने उलट ‘अपग्रेड’ पुढे केलं तर त्याची फी कधीपासून आणि किती, ते ऐकून मगच हो. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड अपग्रेड करता येत नाही. तसं करून शुल्क लावलं, तर ते परत करून वर त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असं निर्देशात आहे.

फी स्टेटमेंटमध्ये येऊन पडली असेल तरी फोन करता येतो, बऱ्याच बँका त्यानंतर काही दिवस परत करतात. पण वाद चालू आहे म्हणून बिल फीइतकं कमी भरू नका. पूर्ण रक्कम भरली नाही की व्याजमुक्त मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. पूर्ण भरा, फी परत आली की ती पुढच्या बिलात वजा होईल. पॉइंटमधून घेतलेलं स्टेटमेंट क्रेडिटही बऱ्याच बँका बिलाचं पेमेंट म्हणून धरत नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

स्कोअरची भीती, किती खरी

कार्ड बंद केलं की सिबिल, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोअर, पडतो, म्हणून फी भरत राहायची, असं म्हणणारे भेटतात. अर्धं खरं आहे. ३ लाख आणि १ लाख अशा लिमिटची दोन कार्डं आहेत आणि बिल ४०,००० येतं, तर एकूण लिमिटचा वापर १० टक्के. ३ लाखांचं बंद केलं की तेच ४०,००० आता १ लाखावर, ४० टक्के. याने स्कोअर खाली येऊ शकतो. पण दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील तर लिमिट अनेकदा सामाईक असतं, एक बंद केल्याने एकूण आकडा बदलत नाही. आणि बंद होणारं कार्ड ५०,००० लिमिटचं असेल, बाकीची लिमिट पाच-सहा लाख असेल, तर फरक जाणवणारही नाही. पुढच्या सहा महिन्यांत गृहकर्ज घ्यायचं असेल तर कार्ड तसंच ठेवून कर्ज मिळाल्यावर बंद करा. तेवढ्यासाठी एका वर्षाची फी भरणं परवडतं. सगळ्यात जुनं कार्ड असेल तरीही डाउनग्रेडचा आग्रह धरा.

बंद करायचंच ठरलं तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॉइंट संपवा, कारण कार्ड बंद होताच ते बहुधा जातात. विमान कंपनीकडे वळवायचे असतील तर त्याला काही दिवस लागू शकतात, ते तिकडे पोचल्याचं दिसल्यावरच पुढे जा. मग ऑटो-डेबिट: मोबाइल, वीज, ओटीटी, विमा, म्युच्युअल फंडाच्या ॲपची वर्गणी. बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी मिळते. विम्याचा हप्ता चुकला तर महागात पडतं, म्हणून तो आधी हलवा. रद्द केलेल्या तिकिटाचा किंवा परत केलेल्या वस्तूचा रिफंड यायचा असेल तर थांबा. ईएमआय चालू असेल तर आधी बंद करताना शुल्क किती ते विचारा, कधीकधी ते फीच्याही वर जातं आणि मग ईएमआय संपेपर्यंत थांबणं बरं. पत्नी, नवरा किंवा आईवडिलांकडे ॲड-ऑन कार्ड असेल तर तेही बंद होणार, त्यांना सांगा. नाहीतर ते दुकानात कळतं.

मग बिल शून्य करा. शेवटच्या स्टेटमेंटनंतरचे व्यवहार ‘अनबिल्ड’मध्ये असतात, तेही भरून टाका. बंद करण्याची विनंती ॲप, नेट बँकिंग, साइट, मेल, फोन यांपैकी कशानेही देता आली पाहिजे, पोस्टानेच पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. सगळी बाकी भरलेली असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, तेही याच निर्देशांत आहे. विनंतीची तारीख आणि नंबर यासाठीच जपायचा. बंद झाल्यावर खात्यात जास्तीचे पैसे उरले तर ते तुमच्या बँक खात्यात यायला हवेत.

कार्ड कापून टाकलं म्हणजे बंद झालं नाही. वर्षभर वापरलं नाही तर बँक सूचना देते, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद करते. पण त्या आधी फी लागून ती थकली तर ती तुमच्या नावावर थकबाकी म्हणून चढते. ड्रॉवरमध्ये टाकून विसरणं हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग आहे.

बंद झाल्याची मेल किंवा ‘नो ड्यूज’ पत्र पीडीएफ करून ठेवा. दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यात त्या कार्डापुढे ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. खातं अजून चालू दिसत असेल तर ते पत्र जोडून बँकेला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.